झाडाच्या अंगावरची गाठ : कोणती पाहावी, कोणती कापावी



माघ लागला. हरभऱ्याचे घाटे भरत आले आहेत, ज्वारीवर पाखरांची राखण चालू आहे आणि डोंगराच्या उतारावर पानगळ सुरू झाली आहे. साग उघडा पडला, पळस उघडा पडला, सावर तर कधीच मोकळी झाली. वर्षातले हे दोन-तीन महिने असे, की झाडाचा सांगाडा डोळ्यांना सरळ दिसतो. एरवी पाल्याने झाकलेले जे काही असते, ते या दिवसांत लपत नाही. म्हणून म्हणतो, सरपणाला, गुरांमागे किंवा देवराईत नारळ फोडायला जाल, तेव्हा मान जरा वर करून चाला.

मग काय काय दिसते? कुठे खोडावर माणसाच्या मानेवर यावे तसे आवाळू आलेले असते. कुठे करंजाच्या पानावर पुळ्या उठलेल्या असतात. वाळक्या फांदीवर मध्येच हिरवागार झुबका असतो. फणसाच्या खोडाला लाकडाचा जणू अर्धा परळ चिकटलेला असतो. गावात याला नाना नावे आहेत. कोणी म्हणते झाडाला देवी आल्या, कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते झाड आता सडले, विकून टाका. खरे पाहता या सगळ्या गोष्टी एका जातीच्या नाहीत. काही निरुपद्रवी आहेत, काही उपयोगाच्या आहेत, काही झाडाचे हळूहळू नुकसान करतात आणि एखादी माणसाच्या जिवावर उठू शकते. कोणती कोणत्या जातीची हे ओळखता आले, तर फवारणीचा खर्च वाचतो, झाड वाचते आणि वेळेला माणूसही वाचतो. म्हणून आजचा लेख या गाठींविषयी.

पानावरच्या पुळ्या

पहिल्याने करंज पाहा. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला तो सगळीकडे आहे. त्याच्या पानावर वर आलेले लहान लहान बोटासारखे कोंब दिसतात. कधी कधी सगळे पान त्यांनी भरून जाते. हे काम नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कोळ्याचे आहे. मिरचीवर, वांग्यावर कोळी तुम्ही पाहता, त्यांच्याच दूरच्या नात्यातला हा. सातविणीच्या पानावर गोल, टणक पुळ्या असतात, त्या सायला नावाच्या किडीच्या. विदर्भातल्या संत्रा बागाईतदारांना सिट्रस सायला चांगलाच ठाऊक आहे, हा त्याचा भाऊबंद. उंबराच्या पानावरचे फुगीर फोडही अशाच एका सायलाचे, आणि ऐनाच्या पानावरच्या गाठीही तशाच. आंब्याच्या पानावर मोहरीएवढे फोड दिसतात, ते मात्र एका बारीक माशीचे.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. मादी कोवळ्या पानात किंवा पानावर अंडे घालते. त्यातून निघालेले पिल्लू पानाचा रस चोखू लागते. त्याच्या लाळेतल्या द्रव्यांमुळे त्या जागच्या पेशी भराभर वाढतात आणि पिल्लाभोवती एक खोली तयार होते. घर झाडाचे, बांधकाम झाडाचे, आतले अन्नही झाडाचे, आणि राहणारा मात्र परका. नवल असे की प्रत्येक किडीचे झाड बहुधा ठरलेले असते आणि घराचा नमुनाही ठरलेला असतो. करंजावरचा कोळी सातविणीवर जाणार नाही आणि सातविणीचा सायला करंजाकडे ढुंकून पाहणार नाही. म्हणून बांधावरच्या करंजाच्या पुळ्या शेतातल्या तुरीवर येतील, ही भीती मनात बाळगू नका.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या भात शेतकऱ्यांना हे नवे वाटायला नको. भातावर गादमाशी येते तेव्हा ओंबीऐवजी पांढुरका, कांद्याच्या पातीसारखा पोकळ पोंगा निघतो. तो चंदेरी पोंगा म्हणजेसुद्धा गाठच. माशीच्या अळीने भाताकडून बांधून घेतलेले घर. फरक इतकाच, की करंज हे मोठे झाड आहे, हजारो पानांतली काही पाने गेली तरी ते सोसते. भाताच्या फुटव्याला दुसरी संधी नसते.

तेव्हा मोठ्या रानझाडाच्या पानावर पुळ्या दिसल्या, तर काही करू नका. औषध फवारू नका. या किडींना खाणाऱ्या आणि त्यांच्या पिल्लांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या निसर्गात असतात. फवारणीने आधी त्या मरतात. अपवाद ज्यांचे पोट त्या पानावर आहे त्यांचा. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर भागात ऐनाच्या पाल्यावर टसर रेशमाचे किडे पाळतात. तिथे गाठाळलेला पाला किड्यांच्या कामाचा उरत नाही. अशा ठिकाणी गाठी धरलेली कोवळी पाने सुरुवातीलाच खुडून नष्ट करावीत.

गुटीच्या डब्यातली गाठ

आता घरातल्या भगिनींसाठी एक गंमत. तुमच्या बाळगुटीच्या डब्यात मायफळ असते. गोल, टणक, अंगावर बारीक टेंगळे असलेले. त्याला फळ म्हणतात, पण ते फळ नव्हे. तुर्कस्तान, इराणच्या बाजूला ओक नावाचा वृक्ष होतो. त्याच्या कोवळ्या फांदीवर एक बारीक गांधीलमाशी अंडे घालते आणि झाड त्याभोवती जी गाठ करते, ती म्हणजे मायफळ. पुष्कळदा त्याच्यावर बारीक छिद्र दिसते. माशी मोठी होऊन तिथून बाहेर पडलेली असते. छिद्र नसेल तर ती आतच राहिलेली असते.

काकडशिंगीही तशीच. हिमालयाच्या बाजूच्या एका झाडावर मावा पडतो आणि त्याच्यामुळे पोकळ, वाकडी, शिंगासारखी गाठ होते. कर्कट म्हणजे खेकडा आणि शृंगी म्हणजे शिंगाची, यावरून हे नाव. वैद्यांच्या बालचातुर्भद्र चूर्णात नागरमोथा, पिंपळी आणि अतिविष यांच्या जोडीला चौथी असते ती हीच.

मायफळ इतके तुरट का? किड्याने छेडले की झाड त्या जागी तुरट द्रव्य साठवते. हिरड्यातही ते भरपूर असते. हे तुरट द्रव्य आणि हिराकस एकत्र केले की काळीभोर शाई होते. युरोपातले शेकडो वर्षांचे दस्तऐवज मायफळाच्या शाईने लिहिलेले आहेत. आपल्याकडे हिरड्याची शाई होत असे. झाडावरच्या गाठीकडे रोग म्हणूनच पाहायचे, असे नाही, हे सांगण्यासाठी एवढा विस्तार. जाता जाता एवढेच सांगतो, की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हा गुटी उगाळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

बांडगूळ : एका पत्राचे उत्तर

डोंगरपट्ट्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या बांधावर तीन रायवळ आंबे आहेत. सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेले. दर उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या आणि थोडा आंबा विकून घरखर्चाला हातभार लागतो. गेली चार-पाच वर्षे फळ कमी झाले आहे, फांद्यांचे शेंडे वाळत चालले आहेत आणि जागोजागी वेगळ्याच पानांचे झुबके आले आहेत. त्या लिहितात, "घरातली मंडळी म्हणतात, झाडं म्हातारी झाली, लाकूडवाल्याला देऊन टाकू. तो आगाऊ पैसे द्यायला तयार आहे. माझं मन होत नाही. झाडं खरंच गेली का हो?"

ताई, तुमच्या वर्णनावरून झाडे गेलेली नाहीत. त्यांच्यावर बांडगूळ चढले आहे. ओळख पटवून घ्या. पान आंब्यापेक्षा जाड, आखूड आणि करड्या हिरव्या छटेचे. फूल लांब नळीसारखे, नारिंगी-तांबूस. फळ लहान, बोराच्या बीएवढे, लांबट. आणि मुख्य खूण ही, की जिथे ते चिकटले आहे तिथे फांदी सुजल्यासारखी जाड झालेली असते.

बांडगुळाला आपण आयतखाऊ म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. त्याला हिरवी पाने आहेत, तेव्हा साखर ते स्वतः तयार करते. जमिनीत मात्र त्याचे मूळ नसते. पाणी आणि क्षार ते झाडाच्या फांदीत मुळ्या घुसवून ओढते. उन्हाळ्यात झाड स्वतःचे पाणी जपत असते, पण बांडगूळ जपत नाही, ते उधळतच राहते. म्हणून त्याच्यापुढचा फांदीचा भाग उपाशी राहतो, शेंडा वाळतो आणि मोहोर धरत नाही. एक-दोन झुबक्यांनी झाड मरत नाही. पण वर्षानुवर्षे लक्ष दिले नाही, तर आंब्याची पाने कमी आणि बांडगुळाची जास्त अशी गत होते आणि मग झाड खरोखरच जाते.

ते येते कुठून? पाखरांकडून. शिंजीर त्याच्या फुलातला मध पितो आणि परागीकरण करतो. फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी फळ गिळतो. बी चिकट असते. विष्ठेतून पडताना ते सहज सुटत नाही, म्हणून पक्षी बूड फांदीला घासतो आणि बी तिथेच डिंकासारखे चिकटून बसते. पुढे ते रुजते. कोकणातल्या बांडगुळाचा प्रसार ही दोन पाखरे कशी करतात, याविषयी डॉ. सालिम अली यांनी १९३१ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. नव्वद वर्षे उलटून गेली, पाखरांचा धंदा तोच आहे.

आता उपाय. फळे पिकण्यापूर्वी काढणे हा मुख्य नेम. म्हणजे आताच, माघ-फाल्गुनात, लागा. नुसता झुबका ओढून तोडू नका. आत घुसलेल्या मुळ्या राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतात. हे बांडगूळ फांदीच्या सालीवरून मुळ्या पसरवत पुढे पुढे नवे डंख मारते, तेव्हा शेवटचा डंख कुठे आहे तो शोधा आणि त्याच्या हातभर खाली, खोडाच्या बाजूला, फांदी करवतीने कापा. कोयत्याने घाव घालून साल चिंबवू नका. बांडगूळ जाड फांदीवर किंवा खोडावरच असेल तर सारी फांदी घालवता येत नाही. तिथे पटाशीने ती सुजलेली गाठ मुळ्यांसकट कोरून काढा आणि दरवर्षी तीच जागा तपासा.

कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे करून घ्या. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची घ्या, लोखंडाची नकोत. मग दोन्ही एकत्र ओतून ढवळा. स्वच्छ लोखंडी पाते त्यात बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना थोडा वाढवा. मलम त्याच दिवशी वापरा आणि उरलेले पोरांच्या, गुरांच्या तोंडी लागणार नाही असे ठेवा.

हे काम एका माणसाचे नाही. झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, खाली एकाला उभे ठेवा आणि विजेची तार फांद्यांतून गेली असेल तर वीज कंपनीच्या माणसाला बोलावल्याशिवाय हात लावू नका. तीन झाडे एका वर्षात साफ होतील असे नाही. पहिल्या वर्षी फळांनी लगडलेले झुबके, दुसऱ्या वर्षी राहिलेले, असे करत चला. शेजाऱ्याच्या बांधावरचेही काढायला सांगा, नाहीतर पाखरू उद्या तिकडून इकडे येईल.

आणि लाकूडवाल्याविषयी. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याखाली आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ अशी झाडे आपल्या मालकीच्या रानातली असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी घरातल्या मंडळींना हे सांगा. पण कायद्याहून मोठी गोष्ट ही, की लाकडाचे पैसे एकदाच येतात आणि कैरी दरसाल येते. रायवळ आंब्याला म्हातारे व्हायला अजून पुष्कळ वेळ आहे. घरच्या मंडळींना दोन वर्षांची मुदत मागा. एका झाडावर काम करून पाहा. त्या झाडाचा पालवीचा रंगच त्यांच्याशी बोलेल.

एक सावधगिरीही सांगतो. बागेतले आणि बांधावरचे बांडगूळ काढा, पण देवराईत आणि रानात त्याच्या मागे लागू नका. रखरखीत दिवसांत ते पाखरांचे अन्न आहे. पिवळ्या-लाल ठिपक्यांचे हळदीकुंकू नावाचे देखणे फुलपाखरू तुम्ही पाहिले असेल. त्याच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात.

बांडगूळ नव्हे ते बांडगूळ

बांडगूळ काढायच्या उत्साहात पुष्कळदा निरपराध पाहुणे मारले जातात. आंब्याच्या, जांभळाच्या जुन्या फांदीवर जाड, पट्ट्यासारख्या पानांची आमरी असते. तिच्या पांढऱ्या मुळ्या सालीवर नुसत्या पसरलेल्या असतात, आत घुसलेल्या नसतात. ती झाडाचा थेंबभरही रस घेत नाही. पाऊस, दव आणि सालीच्या खाचेतला कचरा एवढ्यावर तिचे भागते. पावसाळ्याच्या तोंडाला तिला जो गुलाबी-पांढऱ्या फुलांचा घोस लोंबतो, त्याला आपल्याकडे सीतेची वेणी असे गोड नाव आहे. तसेच बाशिंग. वाळक्या, तपकिरी, नवरदेवाच्या बाशिंगासारख्या पानांचे ते नेचे फांदीला बिलगून असते. तेही निरुपद्रवी.

परीक्षा सोपी आहे. झुबक्याचा बुडखा फांदीवरून अलगद हलवून पाहा. फांदी सुजलेली नसेल आणि मुळ्या सालीवरच दिसत असतील, तर ती आमरी किंवा बाशिंग. फांदी सुजलेली आणि झुबका तिच्यातूनच उगवल्यासारखा असेल, तर ते बांडगूळ. पिवळ्या दोऱ्यांचे जाळे झाडावर पसरले असेल आणि त्याला पान दिसत नसेल, तर ती अमरवेल. ती पुरती परजीवी. कुंपणावर दिसली तर ज्या फांद्यांवर आहे त्यांच्यासकट कापून जाळा, तुकडाही टाकून देऊ नका. तुकड्यातून ती पुन्हा धरते.

सालीवर करड्या-हिरवट पापुद्र्यांची जी नक्षी दिसते, ते दगडफूल. मसाल्यातल्या दगडफुलाच्या गोतातले. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार आहे. झाडाला त्याचा त्रास नाही. उलट धुराने भरलेल्या हवेत ते फारसे टिकत नाही, तेव्हा तुमच्या रानात ते भरपूर असेल तर हवा चांगली आहे असे समजा. आणि फांदीवर शेणाच्या गोळ्यासारखे तपकिरी, पापुद्र्यांचे घर दिसले तर हात लावू नका, ते मुंग्यांचे आहे. तांबूस सुतार पक्षी अशाच चालत्या वारुळात भोक पाडून आपली अंडी घालतो. मुंग्या आणि पाखरू एका घरात कशी नांदतात, हे ज्याला पाहायला मिळेल त्याने जरूर कळवावे.

फळझाडांवरच्या गाठी

रानझाडाला जे खपते ते फळबागेत खपत नाही. आवळ्याच्या शेंड्याला लांबट सूज आलेली दिसली, तर आत गाठ करणारी अळी आहे. पावसाळ्यात ती कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंड्याची वाढ खुंटते आणि बाजूने वेड्यावाकड्या फुटी येतात. सुजलेले शेंडे अळीसकट छाटून जाळावेत. ही छाटणी फळे उतरली की करावी. गाठी झाडाखाली टाकून ठेवल्या तर काम वाया गेले असे समजा.

आंब्याच्या मोहोरावर फुलांऐवजी घट्ट, जाड, कोबीच्या गड्ड्यासारखा गुच्छ आला, तर ती मोहोराची विकृती. बिहारमध्ये दरभंग्याला १८९१ साली तिची पहिली नोंद झाली. उत्तरेकडच्या बागांना तिने फार छळले आहे. आपल्याकडे ती त्या मानाने कमी, पण येते. हा बुरशीचा रोग आहे. असा गुच्छ वीतभर मागच्या फांदीसह कापून जाळावा आणि अशा झाडाची कलमकाडी कधीही घेऊ नये. रोग कलमाबरोबर नव्या बागेत जातो.

निलगिरी लावणाऱ्यांनी रोपे घेताना पानाची मधली शीर आणि देठ पाहावेत. त्यावर ओळीने फुगवटे असतील तर रोप घेऊ नये. ऑस्ट्रेलियातली एक बारीक गांधीलमाशी या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात आली आणि तिने रोपवाटिकांत बराच उपद्रव केला. गाठ आपल्या दारी येते ती पुष्कळदा रोपाच्या पिशवीतूनच.

मुळांवरच्या गाठी

वरच्या गाठी पाहिल्या, आता एक रोप उपटून खाली पाहा. हरभरा, भुईमूग, तूर यांच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्या तुमच्या मित्र आहेत. त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, नखाने सहज सुटते आणि चिरली तर आत गुलाबी असते. टोमॅटो, वांगी, डाळिंब यांच्या मुळांवर गाठी असतील तर मात्र तो सूत्रकृमीचा उपद्रव. तिथे मूळच सुजलेले असते, गाठ वेगळी निघत नाही. या दोहोंत गल्लत करू नका.

तिसरी गाठ गुलाबाच्या किंवा फळझाडाच्या कलमाच्या बुडाशी, जमिनीलगत येते. खडबडीत, लाकडी. ती एका जिवाणूमुळे होते, हे स्मिथ आणि टाउनसेंड या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९०७ साली दाखवले. हा जिवाणू स्वतःचा थोडा आनुवंशिक अंश झाडाच्या पेशीत घुसवतो आणि पेशी बेफाम वाढतात. पुढे शास्त्रज्ञांनी याच जिवाणूला गाडी केले. गाठीचा अंश काढून त्या जागी हवा तो गुण भरला आणि पिकात पोहोचवला. २००२ साली आपल्या देशात मंजूर झालेला बीटी कापूस याच वाटेने तयार झाला होता. गुलाबाच्या बुडाशी दिसणाऱ्या एका गाठीचा शोध कापसाच्या शेतापर्यंत पोहोचला तो असा.

खोडावरचे आवाळू आणि खोडावरची अळंबी

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवली. मोठ्या झाडाच्या खोडावर गोल, सालीने झाकलेला फुगवटा असेल, तर बहुधा काळजीचे कारण नाही. जुनी जखम, अडकून राहिलेले डोळे यांमुळे लाकूड तिथे वेडेवाकडे वाढते. असे आवाळू घेऊन झाडे अनेक वर्षे सुखाने उभी राहतात. ते कापू नका. कापलेली जखम आवाळूपेक्षा वाईट.

पण खोडाला टणक, फळीसारखी किंवा अर्ध्या परळासारखी अळंबी आलेली असेल, तर थांबा. कोकणात फणसावरच्या अशा अळंबीला फणसोंबा म्हणतात आणि पोरांच्या तोंडातल्या फोडांवर ती उगाळून लावायची रीत आहे. औषध म्हणून तिचा मान असेल, पण झाडासाठी ती वाईट खबर आहे. बाहेर दिसते ते बुरशीचे फळ. तिचे शरीर आत, लाकडात, बरीच वर्षे पसरत आलेले असते. बाहेरून झाड हिरवे, पालवी छान, आणि आतला गाभा मात्र भुसभुशीत. अळंबी उपटून टाकल्याने काही होत नाही, ती परत येते. बुडाशी, जमिनीलगत आलेली अळंबी जास्त धोक्याची, कारण मुळे कुजल्याची ती खूण असू शकते.

दरवर्षी वळवाच्या वाऱ्यात झाड गोठ्यावर, घरावर पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. "चांगलं हिरवं झाड होतं हो," असे लोक म्हणतात. तेव्हा आपल्या घरावर, गोठ्यावर, शाळेच्या अंगणावर, पाणवठ्यावर ज्या झाडाची सावली पडते, त्या प्रत्येक झाडाला येत्या महिन्यात एक प्रदक्षिणा घाला. बुडापासून दोन पुरुष उंचीपर्यंत नीट पाहा. कुऱ्हाडीच्या तुंब्याने खोडावर ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, ढोलासारखा पोकळ आला तर आत जागा झाली आहे. एका बाजूची जमीन उचलली गेली आहे का, नवी भेग आहे का, तेही बघा. शंका आली तर झाडाखाली गुरे बांधणे आजपासून बंद करा. पोरांचा झोका दुसरीकडे हलवा. मग ग्रामपंचायत आणि वनखात्याच्या माणसांना दाखवून, रीतसर परवानगीने, धोक्याच्या फांद्यांचा भार मृगापूर्वी कमी करून घ्या. सारे झाड पाडण्याची गरज दर वेळी पडतेच असे नाही. आणि ज्या झाडाखाली माणसांचा, गुरांचा वावर नाही, ते पोकळ झाड तसेच राहू द्या. त्या ढोलीत पिंगळा राहतो, धनेश राहतो, आणि पिंगळा तुमच्या शेतातले उंदीर खातो.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. मोठ्या रानझाडाच्या पानावरच्या पुळ्या : पाहा आणि सोडून द्या.

२. बांडगूळ : फळे पिकण्यापूर्वी, शेवटच्या डंखाच्या हातभर खाली फांदी कापा आणि मलम लावा.

३. आमरी, बाशिंग, दगडफूल : हात लावू नका.

४. आवळ्याचा सुजलेला शेंडा, आंब्याचा विकृत मोहोर : कापून जाळा.

५. राहत्या घराजवळच्या झाडावर टणक अळंबी : वेळ न घालवता तपासून घ्या.

शाळेतल्या मुलांना या दिवसांत एक काम द्या. गावच्या शिवारात फिरून कोणत्या झाडावर कोणती गाठ दिसली, ते तारखेसह वहीत लिहायचे आणि गाठ चिरून आत कोण आहे ते पाहायचे. मात्र अमरवेल आणि बांडगुळाची फळे घरी आणायची नाहीत. ओळख पटली नाही तर गाठ असलेली फांदी कागदात गुंडाळून तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेला नमुना कुजतो आणि मग कोणालाच काही सांगता येत नाही.

आंब्याच्या ताईंनी येत्या वर्षी पालवी कशी आली ते अवश्य कळवावे.

पुढील लेखात उन्हाळी भुईमुगाला पाणी केव्हा आणि किती, याविषयी.